पायथनच्या मोनोरेपोत सामायिक लायब्ररी अपडेट कशा करायच्या, आणि नेमकं कुठे अडतं

पाच-पंधरा सर्व्हिसेस, त्यांनी मिळून वापरायच्या काही लायब्ररी, आणि हे सगळं एकाच गिट रिपॉझिटरीत: या मांडणीला मोनोरेपो म्हणतात. लॉगिंग, डेटाबेसची मॉडेल्स, लॉगिन तपासणारा कोड एकदाच लिहायचा आणि सगळ्यांनी इंपोर्ट करायचा. लिहिताना हे फार सोयीचं वाटतं. डोकं धरायची वेळ नंतर येते, जेव्हा या सामायिक कोडखालची एखादी लायब्ररी नव्या व्हर्जनवर न्यायची असते. बदल एका ओळीचा असतो, पण त्याने बिलिंग हलतं, रिपोर्ट्स हलतात, आणि रात्री चालणारा तो एक जॉब, ज्याच्याकडे कित्येक महिन्यांत कोणी बघितलेलं नाही, तोही हलतो.

पायथनची मूळ अट

एका पायथन एन्व्हायर्नमेंटमध्ये एका पॅकेजचं एकच व्हर्जन राहू शकतं. साइट-पॅकेजेस या इन्स्टॉलच्या फोल्डरमध्ये त्या नावाचा एकच फोल्डर असतो, आणि इंपोर्ट झालेलं मॉड्यूल पायथन नावानिशी एका डिक्शनरीत ठेवतो. एका नावाला एकच जागा. जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये प्रत्येक पॅकेज आपल्या पोटात आपलं वेगळं व्हर्जन बाळगू शकतं. पायथनमध्ये ती पळवाट नाही.

आता समजा, 'कॉमन-डीबी' या तुमच्या सामायिक लायब्ररीला एसक्यूएलअल्केमी (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) २.० किंवा त्यापुढचं हवंय. रिपोर्ट्स सर्व्हिस कॉमन-डीबी वापरते, आणि सोबत एक जुनं प्लगइनही वापरते, ज्याला एसक्यूएलअल्केमी २.० च्या खालचंच चालतं. या दोन अटी एकत्र पुऱ्या होऊच शकत नाहीत. पिप या पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या टूलचं २०.३ (नोव्हेंबर २०२०) येण्याआधी पिप अशा वेळी जी अट आधी दिसली ती धरून पुढे जायचा आणि बिघाड चालू सर्व्हिसमध्ये उघडा पडायचा. आताचा रिझॉल्व्हर, म्हणजे व्हर्जन्सची जुळणी लावणारा भाग, मागे फिरून दुसरी जुळणी शोधतो, आणि नाहीच सापडली तर एरर देऊन थांबतो. तो एरर वैताग आणतो, पण तो डिप्लॉयच्या (कोड प्रॉडक्शनवर चढवण्याच्या) आधी येतो, हे विसरू नये.

मर्यादा एकीकडे, नेमकं व्हर्जन दुसरीकडे

बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. प्रत्येक पॅकेजच्या 'पायप्रोजेक्ट.टॉमल' फाइलमध्ये लिहायची ती मर्यादा: आमचा कोड कुठल्या व्हर्जन्सवर चालू शकतो. लॉक फाइलमध्ये असतं नेमकं व्हर्जन आणि हॅश (फाइलची ओळख पटवणारा ठसा): आज आम्ही कशावर चालवतोय. ही दोन कामं एकाच फाइलमध्ये कोंबली, म्हणजे सामायिक लायब्ररीतच '==' लावून ठेवलं, की ती लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येक सर्व्हिसचे हात बांधले जातात.

वरची मर्यादा लावावी की नाही, यावर वाद भरपूर आहेत. ३० सप्टेंबर २०२३ ला वर्कझॉइग ३.० (फ्लास्क या वेब फ्रेमवर्कखालची लायब्ररी) आलं आणि त्यातून 'यूआरएल_कोट' हे फंक्शन काढून टाकलेलं होतं. फ्लास्क २.२ ते इंपोर्ट करत होतं आणि त्याने वर्कझॉइगला फक्त खालची मर्यादा लावलेली होती. ज्यांनी फ्लास्क २.२ पक्कं केलं होतं पण वर्कझॉइग मोकळं सोडलं होतं, त्यांची सर्व्हिस पुढच्या ताज्या इन्स्टॉलनंतर सुरूच होईना, आणि त्यांच्या कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नव्हतं. यावरून 'सगळीकडे वरची मर्यादा लावा' असा निष्कर्ष काढणारे बरेच असतात. मोनोरेपोत तो चुकीचा आहे. इथे खरी उणीव लॉक फाइलची होती. लॉक असेल तर वर्कझॉइग आपोआप वर जाणारच नाही, आणि मर्यादा मोकळी असेल तर नेण्याचं ठरवल्यावर ते एका जागी बदलता येईल. सामायिक लायब्ररीत खालची मर्यादा खरी ठेवा, म्हणजे वापरलेली सोय ज्या व्हर्जनमध्ये आली तीच. वरची फक्त तिथे लावा, जिथे मोडतं हे पाहिलेलं आहे, आणि शेजारी कॉमेंटमध्ये कारण लिहा.

'~=' हे चिन्ह वापरत असाल तर शून्याकडे लक्ष ठेवा. '~=२.१' म्हणजे २.१ पासून पुढचं कुठलंही २ मालिकेतलं व्हर्जन, २.९ सुद्धा. '~=२.१.०' म्हणजे फक्त २.१ मालिकेतले छोटे बदल. रिव्ह्यूमध्ये हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

सगळ्या रिपोला एक लॉक

सुरुवात एकाच लॉक फाइलपासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक सर्व्हिसला स्वतंत्र लॉक दिला की पहिले काही आठवडे शांत जातात. पुढे एकीकडे रिक्वेस्ट्सचं एक व्हर्जन, दुसरीकडे दुसरं, आणि सामायिक लायब्ररीच्या टेस्ट तिसऱ्यावरच चालतात अशी अवस्था होते. मग 'टेस्ट पास झाल्या' याला अर्थ उरत नाही.

यूव्ही या पॅकेजेस सांभाळणाऱ्या टूलमध्ये याला वर्कस्पेस म्हणतात. मुळाशी असलेल्या पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये सदस्य पॅकेजेसचे फोल्डर द्यायचे, आणि सर्व्हिसच्या फाइलमध्ये कॉमन-डीबीचा स्रोत 'वर्कस्पेस = ट्रू' असा लिहायचा. लॉक फाइल मुळाशी एकच बनते, आणि आतल्या लायब्ररी एडिटेबल पद्धतीने, म्हणजे कॉपी न करता मूळ फोल्डरशीच, जोडल्या जातात. कॉमन-डीबीतली ओळ बदलली की ती लगेच सगळ्यांना दिसते. प्रकाशित करा, व्हर्जन वाढवा, मग प्रत्येक सर्व्हिसमध्ये नवं व्हर्जन ओढा, ही वारी संपते. मात्र लायब्ररीत नवी डिपेंडन्सी (जिच्यावर ती अवलंबून आहे असं पॅकेज) किंवा नवी कमांड जोडली तर पुन्हा सिंक (लॉकप्रमाणे इन्स्टॉल) करावं लागतं, कारण ती माहिती कोडमध्ये नसून मेटाडेटात असते.

पिप-टूल्स वापरणाऱ्यांना हेच काहीसं मर्यादा फाइलने साधता येतं. पिपला '-सी' देऊन दिलेली ही फाइल स्वतः काही इन्स्टॉल करत नाही; एखादं पॅकेज लागलंच तर कुठलं व्हर्जन घ्यायचं एवढंच सांगते. सगळ्या सर्व्हिसेसनी ती एकच फाइल वापरायची. पिप-कंपाइलचा (नेमक्या व्हर्जन्सची यादी काढणारी त्यातली कमांड) निकाल मात्र ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि ज्या पायथनवर तो चालवला तिच्यापुरता असतो, म्हणून तो ज्याच्या-त्याच्या लॅपटॉपवर न काढता नेहमी एकाच कंटेनरमध्ये काढावा. यूव्हीचा लॉक सगळ्या प्लॅटफॉर्मसाठी एकत्र निघतो.

एक अडचण वर्कस्पेससोबत येतेच: पायथनच्या व्हर्जनची अट सगळ्या सदस्यांच्या अटींचा सामायिक भाग म्हणून ठरते. एका सर्व्हिसने '>=३.१२' लिहिलं की अख्खं वर्कस्पेस ३.१२ च्या पुढचं झालं. प्रॉडक्शनमध्ये अजून ३.१० वर असलेल्या सर्व्हिसला तिथे जागा राहत नाही. त्यामुळे पायथनचं व्हर्जन वाढवणं हेसुद्धा रिपोपातळीवरचं अपडेट धरा.

उसनी डिपेंडन्सी

एका सामायिक एन्व्हायर्नमेंटचा सगळ्यात फसवा दोष हा. बिलिंगमध्ये कोणीतरी 'इंपोर्ट याम्ल' लिहितो. पायवायएएमएल हे पॅकेज बिलिंगच्या फाइलमध्ये नोंदवलेलं नाही. ते रिपोर्ट्सने नोंदवलेलं आहे. डेव्हलपरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये सगळ्यांचं सगळं असतं, म्हणून कोड चालतो. टेस्टही हिरव्या. बिलिंगची डॉकर इमेज मात्र फक्त बिलिंगच्या डिपेंडन्सी घेऊन बनते, आणि कंटेनर उठताक्षणी 'याम्ल नावाचं मॉड्यूल नाही' म्हणून पडतो. याचीच दुसरी तऱ्हा आणखी उशिरा दिसते: अपडेटमध्ये एखादी लायब्ररी आपली आतली एक डिपेंडन्सी सोडून देते, आणि ती न नोंदवता वापरणारा कोड सहा महिन्यांनी अचानक मोडतो.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. डेप्ट्रायसारखं टूल कोडमधले इंपोर्ट आणि नोंदवलेल्या डिपेंडन्सी ताडून पाहतं; पूर्ण गायब असलेली आणि दुसऱ्याच्या मागून आलेली अशा दोन्ही वेगवेगळ्या दाखवतं. पॅकेजचं नाव आणि इंपोर्टचं नाव एक नसतं हे त्याला कधीकधी सांगावं लागतं: पिलो इन्स्टॉल करतो पण 'पीआयएल' इंपोर्ट करतो. दुसरा उपाय असा: सीआयमध्ये (बदलांवर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) प्रत्येक सर्व्हिससाठी कोरं एन्व्हायर्नमेंट घेऊन 'यूव्ही सिंक' ला '--पॅकेज' ने ती एकच सर्व्हिस द्या, सोबत '--लॉक्ड' आणि '--नो-डेव्ह' लावा, आणि तिचं मुख्य मॉड्यूल नुसतं इंपोर्ट करून बघा. '--नो-डेव्ह' यासाठी की टेस्टच्या टूल्सच्या मागूनही भरपूर पॅकेजेस आत येतात आणि उणीव झाकतात. आणि हे 'यूव्ही रन' वर भागवू नका. सिंक जास्तीची पॅकेजेस काढून टाकतं, रन ती तशीच राहू देतं.

प्रत्यक्ष अपडेट

छोटी आणि मधली अपडेट्स आठवड्यातून एकदा एकत्र, मोठं व्हर्जन एका वेळी एकच, आणि सुरक्षेचं अपडेट आलं की लगेच. रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट हे अपडेटच्या पुल रिक्वेस्ट उघडणारे बॉट ही विभागणी आपोआप करू शकतात. गट न करता बॉट सोडला तर सकाळी वीस पुल रिक्वेस्ट उघड्या दिसतात, प्रत्येक रिक्वेस्ट त्याच लॉक फाइलला हात लावते, एक मर्ज झाली की बाकीच्या एकोणीस अडकतात, आणि दोन आठवड्यांत टीम बॉटकडे बघणंच सोडते. नवं व्हर्जन आल्या आल्या न घेता काही दिवस थांबायची सेटिंगही लावा: रेनोव्हेटमध्ये किमान वयाची अट आहे, यूव्हीमध्ये 'एक्सक्लूड-न्यूअर'. मागे घेतलेली आणि दूषित व्हर्जन्स बऱ्याचदा तेवढ्यात उघडी पडतात.

हाताने एकच लायब्ररी वाढवायची तर 'यूव्ही लॉक' ला '--अपग्रेड-पॅकेज' आणि तिचं नाव द्या. मग लॉक फाइलमधला फरक नीट वाचा. मागितलेल्या लायब्ररीशिवाय आणखी काय हललं, काय नवं आलं, काय गेलं? एखादं अनोळखी नाव दिसलं तर 'यूव्ही ट्री' ला '--इन्व्हर्ट' लावून ते कोणामुळे आलं हे उलट्या बाजूने पाहता येतं. खोलवरच्या एखाद्या पॅकेजमध्ये सुरक्षेची त्रुटी निघाली तर ते सर्व्हिसच्या डिपेंडन्सीत घुसडू नका. तुमचा कोड ते वापरत नाही, आणि वर्षभराने ती ओळ तिथे का आहे हे कोणालाच कळणार नाही. मुळाच्या फाइलमध्ये 'कन्स्ट्रेंट-डिपेंडन्सीज' खाली किमान व्हर्जन लिहा.

लॉक फाइल मर्जमध्ये अडकली तर ती हाताने जुळवू नये, आणि डिलीट तर मुळीच करू नये. लॉक पुन्हा काढताना यूव्ही आधीच्या फाइलमधली व्हर्जन्स जमेल तिथे तशीच राखतं. फाइलच उडवली की राखण्यासारखं काही उरत नाही, आणि एका लायब्ररीच्या पुल रिक्वेस्टमध्ये चाळीस लायब्ररी वर चढतात. मुख्य ब्रँचची लॉक फाइल जशीच्या तशी घ्या, पायप्रोजेक्ट.टॉमलमधला संघर्ष हाताने सोडवा, आणि लॉकची कमांड पुन्हा चालवा. सीआयमध्ये 'यूव्ही लॉक --चेक' असलं की लॉक काढायला विसरलेला कमिट तिथेच अडतो.

मोठं व्हर्जन: आधी पूल, मग नदी

चांगल्या लायब्ररी मोठ्या बदलाआधी मधला टप्पा देतात, आणि तो वापरला नाही तर मोनोरेपोत काही शे फाइल्सची एक अवाढव्य पुल रिक्वेस्ट तयार होते, जी कधीच मर्ज होत नाही. एसक्यूएलअल्केमी १.४ हा असा टप्पा होता: त्यात 'एसक्यूएलअल्केमी_वॉर्न_२०' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केलं की २.० मध्ये मोडणाऱ्या प्रत्येक जागी इशारा मिळतो. आधी १.४ वरच एकेक सर्व्हिस इशारामुक्त करायची, मग व्हर्जन बदलायचं.

डेटा तपासणाऱ्या पायडँटिक २ (जून २०२३) मध्ये हा पूल 'पायडँटिक.व्ही१' या नावाने आहे. सोयीची गोष्ट म्हणजे १.१०.१७ पासून जुन्या मालिकेतही ते नाव चालतं. म्हणून क्रम असा ठेवा. लॉकमध्ये १.१० मालिकेचं शेवटचं व्हर्जन घ्या. सगळे इंपोर्ट 'पायडँटिक.व्ही१' वरून करा; वर्तनात काहीच बदल नाही, त्यामुळे हे निर्धास्त मर्ज करता येतं. मग लॉक २ वर न्या. त्यानंतर एकेक मॉडेल खऱ्या नव्या पायडँटिकवर हलवा. जुन्या पद्धतीचं मॉडेल नव्या मॉडेलचं फील्ड म्हणून बसत नाही, म्हणून एकमेकांत गुंतलेली मॉडेल्स एकाच कमिटमध्ये जावीत. हा पूल कायमचा नाही, पायथन ३.१४ वर व्ही१ चालत नाही. नुसतं 'डिक्ट' चं 'मॉडेल_डम्प' केलं की झालं, असंही नाही. 'ऑप्शनल[एसटीआर]' असं डिफॉल्टशिवाय लिहिलेलं फील्ड व्ही१ मध्ये न देता चालायचं, व्ही२ मध्ये ते द्यावंच लागतं. स्ट्रिंग हवी तिथे आकडा आला तर व्ही१ तो निमूट बदलून घ्यायचा, व्ही२ एरर देतो. टाइप तपासणाऱ्या टूलला बाहेरून येणाऱ्या डेटातलं यातलं काही दिसत नाही. त्यासाठी प्रॉडक्शनमधल्या खऱ्या रिक्वेस्टचे, गोपनीय भाग झाकलेले नमुने टेस्टमध्ये लागतात.

सी भाषेत कंपाइल केलेल्या पॅकेजेसचा क्रम उलटा असतो. आकडेमोडीच्या नमपाय २.० (जून २०२४) ने बायनरी पातळीवर फारकत घेतली: १.x वर कंपाइल केलेलं पॅकेज २.० सोबत चालत नाही, पण २.० वर कंपाइल केलेलं १.x सोबतही चालतं. म्हणून आधी नमपायवर उभी असलेली पॅकेजेस वाढवायची, उदाहरणार्थ पांडाज २.२.२, आणि सगळ्यात शेवटी नमपाय.

कमिट एकदम होतो, डिप्लॉय होत नाही

मोनोरेपोचं मोठं आकर्षण हे की सामायिक लायब्ररीतलं फंक्शन आणि त्याचे सगळे वापर एकाच कमिटमध्ये बदलता येतात. फंक्शनच्या नावापुरतं हे खरं आहे. पण एका सर्व्हिसमधून दुसरीत जाणाऱ्या डेटाला हा नियम लागू नाही, कारण सर्व्हिसेस एकाच क्षणी डिप्लॉय होत नाहीत. काही मिनिटं, कधी काही दिवस, जुना आणि नवा कोड एकाच रांगेतून आणि एकाच कॅशमधून वाचत असतात.

जवळून पाहू. सामायिक ऑथ लायब्ररीत 'सेशन' हा क्लास 'ऑथ.सेशन' मॉड्यूलमध्ये आहे, आणि त्याचे ऑब्जेक्ट पिकल करून (बाइट्समध्ये बदलून) रेडिस या कॅशमध्ये ठेवले जातात. कोणीतरी नीटनेटकेपणासाठी क्लास 'ऑथ.मॉडेल्स' मध्ये हलवतो आणि सगळे इंपोर्ट बदलतो. टेस्ट पास. वेब सर्व्हिस डिप्लॉय होते आणि नवे सेशन लिहू लागते. पिकल ऑब्जेक्टसोबत क्लासचा पत्ता लिहितं, मॉड्यूल आणि नाव. अजून जुन्या कोडवर असलेली बिलिंग सर्व्हिस ते वाचते, 'ऑथ.मॉडेल्स' शोधते, आणि पडते. उलट दिशेनेही तेच होतं: जुने सेशन 'ऑथ.सेशन' मागतात, जे नव्या कोडमध्ये उरलेलंच नाही.

हे तीन डिप्लॉयमध्ये करायचं काम आहे. पहिल्यात 'ऑथ.मॉडेल्स' तयार करून त्यात जुन्या जागेवरूनच क्लास इंपोर्ट करा आणि ते सगळीकडे पोचू द्या. दुसऱ्यात व्याख्या नव्या जागी हलवा, जुन्या मॉड्यूलमध्ये इंपोर्ट ठेवा. कॅशमधल्या नोंदींची मुदत उलटली की तिसऱ्यात जुनं मॉड्यूल काढा. रांगेतल्या मेसेजला नवं फील्ड द्यायचं असेल तरी हाच क्रम: आधी सगळ्या वाचणाऱ्यांना ते असलं-नसलं तरी चालेल असं करा, मग लिहिणाऱ्याने लिहावं.

जुनं फंक्शन काढण्याआधी 'डेप्रिकेशनवॉर्निंग' दिली जाते, पण पायथन ती मुख्य स्क्रिप्टबाहेरच्या कोडमध्ये मुळात दाखवतच नाही. पायटेस्ट हे टेस्ट चालवणारं टूल दाखवतं. एखादी सर्व्हिस स्थलांतरित झाली की तिच्या पायटेस्ट सेटिंगमध्ये त्या इशाऱ्याला एरर ठरवा, म्हणजे जुना वापर मागच्या दाराने परत येणार नाही.

काय पुन्हा तपासायचं

आतल्या लायब्ररीत बदल झाला तर ती आणि तिच्यावर थेट किंवा आडून अवलंबून असलेल्या सगळ्या सर्व्हिसेसच्या टेस्ट चालल्या पाहिजेत. पँट्स आणि बेझल ही बिल्ड टूल्स ही साखळी स्वतः काढतात. वर्कस्पेसमधल्या फाइल्स वाचून छोटी स्क्रिप्टही ते करू शकते. लॉक फाइलचा मात्र त्रास असतो. ती एक असल्याने तिच्यातल्या एका ओळीने सगळ्या सर्व्हिसेस 'बदललेल्या' ठरतात आणि सगळ्या इमेज नव्याने बनतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक सर्व्हिससाठी 'यूव्ही एक्सपोर्ट --फ्रोझन --पॅकेज' चालवून निघालेल्या यादीचा हॅश काढायचा आणि मुख्य ब्रँचवरच्या हॅशशी ताडायचा. हॅश तोच असेल तर बाहेरच्या डिपेंडन्सीच्या बाजूने त्या सर्व्हिसचं काहीही बदललेलं नाही.

जेव्हा एका लॉकमध्ये बसतच नाही

कधीकधी एखाद्या सर्व्हिसचं जुनं प्लगइन कोणी सांभाळत नाही, किंवा मॉडेल प्रशिक्षणाच्या कोडला एक विशिष्ट जुनी जुळणीच लागते. तेव्हा ती सर्व्हिस वर्कस्पेसबाहेर काढा, तिला स्वतःचा लॉक द्या आणि सामायिक लायब्ररी पाथने जोडा. आता कॉमन-डीबीला दोन जगांत चालायचंय, म्हणून तिच्या टेस्टही दोनदा चालवा: एकदा मुख्य लॉकवर, एकदा '--रिझोल्यूशन लोएस्ट-डायरेक्ट' लावून, म्हणजे पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये लिहिलेल्या सगळ्यात खालच्या व्हर्जन्सवर. लिहिलेली खालची मर्यादा खोटी असेल तर ती पहिल्याच फेरीत पकडली जाते. आणि त्या वेगळ्या लॉकशेजारी तो का आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि कुठली अडचण सुटली की तो मुख्य लॉकमध्ये परत जाईल, एवढं लिहून ठेवा. दुसऱ्या सर्व्हिसने तसाच वेगळा लॉक मागितला की सगळ्यात आधी तीच नोंद उघडावी लागते.